एका चुकीला पाच उत्तरं: मुक्त स्रोत लायब्ररीत दुरुस्ती पाठवताना काय काय लागलं

२०२५च्या मे महिन्यात हाती घेतलेलं एक काम डिसेंबरात मार्गी लागलं. पॅन, पिनकोड असे तपशील तपासणाऱ्या एका पायथन लायब्ररीतल्या (पायथन या भाषेतल्या, इतरांना वापरायला दिलेल्या तयार कोडमधल्या) फंक्शनना चुकीची माहिती दिली की प्रत्येक फंक्शन वेगळ्याच तऱ्हेनं उत्तर द्यायचं. सगळ्यांनी एकाच पद्धतीनं ‘हे चुकीचं आहे’ म्हणावं, एवढीच दुरुस्ती मला हवी होती. ती करायला कोडपेक्षा इतरच गोष्टी जास्त लागल्या: ऑफिसची परवानगी, स्टॅम्प पेपर, अनोळखी लोकांशी लेखी वाद, बऱ्याच आठवड्यांचं थांबणं. मुक्त स्रोत प्रकल्पाला (ज्याचा कोड कुणीही वाचू-सुधारू शकतो) काही पाठवावंसं वाटतं पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा मंडळींसाठी हे क्रमानं लिहून ठेवते आहे.

लायब्ररीचं नाव देत नाही. ती सांभाळणारे लोक नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट काम करतात. आणि असा दोष कितीतरी लायब्रऱ्यांमध्ये सापडतो.

मी अंधेरीला मरोळच्या बाजूला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमच्या ग्राहकांमध्ये लालबागची एक पतपेढी आहे. सभासद बहुतेक गिरणी कामगारांच्या घरचे. पत्ता द्यायचा तर एक इथला, एक गावाकडचा. सहकार कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि लाभांश सभासदांच्या बँक खात्यात थेट जमा करायचं पतपेढीनं ठरवलं होतं. त्यासाठी जुन्या कागदी अर्जांवरचे पॅन, आयएफएससी कोड, पिनकोड, जन्मतारखा संगणकावर चढवण्याचं काम सुरू होतं. भरणारी मुलं कुणी एक्सेलमध्ये भरत होती, कुणी मोबाइलवर. मोबाइलवाल्यांचा कीबोर्ड मराठी, त्यामुळे आकडेही देवनागरी पडायचे.

मेच्या शेवटी रात्रीच्या आयातीनंतर तयार झालेली यादी कागदी नोंदवहीपेक्षा आखूड निघाली. एरर कुठेच नाही, लॉग स्वच्छ. जमाखर्च बघणाऱ्या ताईंनी नोंदवहीत पेन्सिलीनं खुणा करत एकेक नाव ताडून पाहिलं आणि मला फोन केला, “मॅडम, नावं गाळली तर गाळली, पण का गाळली ते तरी मशीननं सांगायला नको का? इथं माणसं येऊन विचारतात, मी त्यांना काय सांगू?” पुढचे सगळे महिने मी हा प्रश्न समोर ठेवूनच काम केलं.

गळालेल्या नोंदींपैकी एक हातात घेतली. कणकवलीचा पत्ता, पिनकोड देवनागरी आकड्यांत ४१६६०२. आयएफएससीतले शेवटचे आकडेही देवनागरीत. लायब्ररीचं पिनकोडचं फंक्शन म्हणालं, बरोबर. आयएफएससीचं फंक्शन काहीच म्हणालं नाही, म्हणजे त्यानं ‘नन’ (पायथनमध्ये ‘काहीच नाही’) परत केलं आणि आमच्या स्क्रिप्टनं ती नोंद मुकाट बाजूला सारली. बोट एकाच माणसाचं, कीबोर्ड एकच, आकडेही त्याच लिपीतले, मग एक ग्राह्य आणि दुसरं अग्राह्य कसं?

कारण आत होतं. पिनकोडच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्रात) आकड्यासाठी ‘बॅकस्लॅश डी’ वापरलेलं, आयएफएससीच्या एक्स्प्रेशनमध्ये चौकटी कंसात शून्य ते नऊ. पायथन ३ मध्ये मजकूर तपासताना बॅकस्लॅश डी युनिकोडमधला कुठल्याही लिपीतला दशमान अंक मान्य करतं. देवनागरी, बंगाली, अरबी, सगळे. कंसातलं शून्य ते नऊ फक्त इंग्रजी आकडे घेतं. शिवाय ‘इंट’ या मूळ फंक्शनला देवनागरी ४१६६०२ दिलं तर ते विनातक्रार पूर्णांक करून देतं. पण मजकूर म्हणून देवनागरीतला पिनकोड आणि इंग्रजीतला तोच पिनकोड यांची तुलना केली, तर दोन्ही वेगळे ठरतात. म्हणजे ‘बरोबर’ ठरलेली नोंदसुद्धा पुढं तालुक्याच्या यादीशी जुळणार नव्हती.

मग मी बाकीची फंक्शन तपासायला घेतली. सकाळी घाटकोपरहून मेट्रोत बसायला जागा मिळाली की वहीत तक्ता भरायचा, असं जूनच्या मध्यापर्यंत चाललं. डावीकडे फंक्शन, वर इनपुटचे प्रकार: रिकामी स्ट्रिंग (मजकूर), नन, नुसती स्पेस, लहान लिपीतली अक्षरं, एक आकडा कमी, देवनागरी आकडे, पूर्णांक, शेवटी नवी ओळ. प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष चालवून काय आलं ते. कोड वाचून अंदाजानं नाही, चालवून.

तक्त्यातून असं दिसलं. पॅनचं फंक्शन चुकीच्या पॅनला व्हॅल्यूएरर टाकायचं, म्हणजे ‘किंमत चुकली’ असं सांगून थांबायचं, पण नन दिलं तर ‘ननटाइपला अपर नावाचा गुणधर्म नाही’ अशी ॲट्रिब्यूटएरर यायची, जिचा पॅनशी संबंध वाचणाऱ्याला लागणारच नाही. आयएफएससीचं फंक्शन चुकीला नन द्यायचं. पिनकोडचं फॉल्स (‘नाही’) द्यायचं. आधारचं फंक्शन दोन तोंडांनी बोलायचं: आकडे बारा नसतील तर व्हॅल्यूएरर, बारा असून शेवटचा तपासणी-अंक जुळला नाही तर फॉल्स. (आधारचा हा शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीनं निघतो. १९६९ची पद्धत आहे. एक आकडा चुकला किंवा शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर हमखास पकडते.) जीएसटी क्रमांकाचं फंक्शन सगळ्यात घातक. ते चुकीला जोडी परत करायचं, आधी फॉल्स आणि मग चुकीचा संदेश. पायथनमध्ये रिकामा नसलेला टपल, म्हणजे अशी जोडी, ‘ट्रू’ (‘होय’) समजला जातो. म्हणजे कुणी सरळ ‘इफ’ लावून हे फंक्शन वापरलं तर जगातली कुठलीही स्ट्रिंग वैध जीएसटी क्रमांक ठरते.

पिनकोडमध्ये आणखी एक बारीक भोक होतं. एक्स्प्रेशनच्या शेवटी डॉलरचं चिन्ह होतं. पायथनमध्ये डॉलर स्ट्रिंगच्या अगदी शेवटी तर जुळतंच, पण शेवटच्या नव्या ओळीच्या आधीही जुळतं. एक्सेलच्या चौकटीत चुकून एंटर दाबला गेला आणि पिनकोडला नवी ओळ चिकटली, तरी तो पास. त्यावर ‘फुलमॅच’ (सगळी स्ट्रिंग साच्यात बसलीच पाहिजे) वापरणं हा साधा उपाय आहे. तुमच्या कोडमध्ये असं काही असेल तर आजच बघा.

जन्मतारखेचं फंक्शन तर चूक मान्यच करायचं नाही. ते आतून दुसऱ्या एका लायब्ररीवर अवलंबून होतं, जी अपुऱ्या तारखेत उरलेला भाग आजच्या तारखेतून घेते. अर्जावर नुसतं ‘मे १९६२’ असेल तर ज्या तारखेला प्रोग्राम चालवाल तो दिवस जन्मदिवस म्हणून चिकटायचा. शिवाय ०५/०४/१९६८ हे अमेरिकी पद्धतीनं ४ मे वाचायचं, आणि १३/०४/१९६८ आलं की तेरावा महिना नसतो म्हणून गुपचूप १३ एप्रिल. एकाच रकान्यात शेजारशेजारच्या दोन ओळी दोन पद्धतींनी वाचल्या जात होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. पतपेढीत ज्येष्ठ सभासदांच्या ठेवीला जादा व्याज असतं, ते जन्मतारखेवर ठरतं. हे बघितल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

पतपेढीचं काम अडू नये म्हणून तेवढ्यापुरता बंदोबस्त लगेच केला. लायब्ररीच्या प्रत्येक फंक्शनभोवती आमचं एक पातळ वेष्टण: आत काहीही घडो, बाहेर दोनच गोष्टी येणार, शुद्ध केलेली किंमत किंवा मराठीत लिहिलेलं कारण. नाकारलेल्या नोंदींची वेगळी यादी, कारणासकट, ताईंकडे. जूनच्या मध्यापर्यंत ताईंचं काम सुरळीत झालं. बरेच लोक इथंच थांबतात आणि त्यात गैर काही नाही. मला मात्र राहवेना, कारण हीच लायब्ररी आणखी किती पतपेढ्या, किती सोसायट्या वापरत असतील.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लायब्ररीच्या प्रकल्पात इश्यू, म्हणजे दोषाची जाहीर नोंद, उघडला. त्याआधी प्रकल्पाची योगदानाची नियमावली पूर्ण वाचली, तुम्हीही वाचा. इश्यूमध्ये मत एक ओळ आणि बाकी सगळा तक्ता दिला. एक खबरदारी फार महत्त्वाची: उदाहरणात कुणाचाही खरा पॅन, खरा आधार टाकायचा नाही, स्वतःचासुद्धा. इश्यू जगजाहीर असतो आणि पुसला तरी त्याच्या प्रती कुठंतरी उरतात. ग्राहकाच्या फाइलचा स्क्रीनशॉट तर कधीच नाही.

मेंटेनर, म्हणजे लायब्ररी सांभाळणारे, युरोपात. उत्तर यायचं ते आपल्याकडे रात्री अकराच्या पुढं. पहिलं उत्तर चार-पाच दिवसांनी आलं आणि सौम्य होतं: तक्ता उपयोगी आहे, प्रत्येक फंक्शन वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसानं लिहिलं, म्हणून असं झालं, पण लोक आजच्या वागणुकीवर अवलंबून आहेत, त्यांचं काय करायचं ते आधी सांगा. त्याखाली एकानं लिहिलं की त्यांचा सगळा कोड ‘नन आलं का’ यावर बेतलेला आहे, उद्या एक्सेप्शन (व्हॅल्यूएररसारखी, काम थांबवणारी चूक) आली तर त्यांची सेवा बंद पडेल. त्याची काळजी अगदी खरी होती. दोषाच्या भोवती घर बांधून राहणारे लोक असतात आणि दोष काढताना त्यांचं छप्पर आपण काढत असतो, हे आधीच मान्य केलं की वाद पुष्कळ सोपा होतो.

जुलै गेला ऑफिसच्या परवानगीत. आमच्या नेमणूकपत्रात कलम आहे की नोकरीच्या काळात लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क. बहुतेकांच्या पत्रात असतंच. एकदा काढून वाचा. प्रकल्पाच्या नियमावलीत प्रत्येक कमिटवर (कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर) ‘साइन्ड ऑफ बाय’ ही ओळ सक्तीची होती. ही ओळ म्हणजे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, २००४ मध्ये लिनक्सच्या कामातून सुरू झालेली प्रथा: हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं आपण आपल्या नावानं लिहून देतो. अधिकार माझा की कंपनीचा हे स्पष्ट नसताना तिथं नाव घालणं मला पटेना.

म्हणून एचआरला मेल. त्यात प्रकल्प कोणता, परवाना एमआयटी, काम माझ्या वेळात माझ्या लॅपटॉपवर, ग्राहकाची माहिती वापरणार नाही, कंपनीला फायदा काय, एवढं एका पानात. एचआरनं ते कायदा सल्लागारांकडे पाठवलं. तिकडून दोन आठवडे काही नाही. मग उत्तर आलं: स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्या, नोटरी करून. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कागदांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. ओळखपत्र घेऊन जा. अंधेरी कोर्टाच्या बाहेर टंकलेखन, नोटरी सगळं मिळून हजाराच्या आसपास गेले, ते खिशातून. मजकूर आधी कायदा सल्लागारांकडून मेलवर मंजूर करून घेतला होता, त्यामुळे दुसऱ्यांदा कागद घ्यावा लागला नाही. हे मात्र नक्की करा, कारण एका शब्दासाठी ५०० रुपयांचा कागद वाया जाऊ शकतो. जुलैच्या शेवटी परवानगीचं पत्र हातात आलं. आमच्या टीमलीड मॅडम म्हणाल्या, “आता हा नमुना जपून ठेव, पुढच्याला महिना लागायला नको.” तो आता कंपनीच्या सामायिक फोल्डरमध्ये आहे.

एक छोटी गोष्ट: गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) कोणता ईमेल नोंदलेला आहे ते काम सुरू करण्याआधी तपासा. कमिटचा ईमेल आणि साइन-ऑफच्या ओळीतला ईमेल जुळला नाही तर आपोआप होणारी तपासणी लाल होते.

ऑगस्टमध्ये प्रस्ताव लिहिला. गाभा असा: प्रत्येक क्रमांकासाठी दोनच फंक्शन. एक ‘पार्स’, जे शुद्ध केलेली किंमत देईल, नाहीतर एक्सेप्शन टाकेल. दुसरं ‘इज व्हॅलिड’, जे ट्रू किंवा फॉल्सच देईल. नवी एक्सेप्शन व्हॅल्यूएररच्या पोटातली, म्हणजे ज्यांनी आधीच व्हॅल्यूएरर पकडायची व्यवस्था केली आहे त्यांचं काही मोडणार नाही. एक्सेप्शनमध्ये कारणाचा एक स्थिर संकेत: लांबी चुकली, अक्षर चुकलं, तपासणी-अंक चुकला. संदेशाचं वाक्य बदलू शकतं, संकेत बदलणार नाही. त्यामुळे मराठी संदेश आपल्या बाजूला लावता येतात. ताईंच्या ‘का गाळली’ला उत्तर देणारी जागा हीच.

आधार म्हणून पायथनमधलंच उदाहरण दिलं. स्ट्रिंगमध्ये काही शोधायचं तर ‘फाइंड’ न सापडल्यास उणे एक देतं आणि ‘इंडेक्स’ व्हॅल्यूएरर टाकतं. दोन वागणुका आहेत, पण दोन नावांखाली, आणि दोन्ही लिहून ठेवलेल्या. आणि उणे एकमधला धोकाही दाखवला: तोच आकडा कुणी न तपासता स्थान म्हणून वापरला तर पायथन शेवटचं अक्षर काढून देतं, तक्रार न करता. दुसरं उदाहरण पीएचपी या भाषेचं. तिथं वर्षानुवर्षं आपण लिहिलेल्या फंक्शनला चुकीचा प्रकार दिला तर टाइपएरर, पण भाषेच्या स्वतःच्या फंक्शनला दिला तर नुसती वॉर्निंग आणि नल (पायथनच्या ननसारखं). नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८.० नं दोन्हीकडे टाइपएरर केली. एवढी मोठी भाषा हे बदलू शकते तर आपण का नाही, असं मी लिहिलं, आणि ते मनापासून लिहिलं होतं.

मेंटेनरनी एक जुना दाखला काढला. जानेवारी १९८० च्या आरएफसी ७६१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज), टीसीपी या माहिती पोचवण्याच्या नियमावलीच्या तपशिलात, जॉन पोस्टेल यांनी मांडलेलं तत्त्व: आपण पाठवताना काटेकोर, दुसऱ्याचं घेताना उदार. मग चुकीच्या पिनकोडला इतकं ताणायचं कशाला? मी जून २०२३ च्या आरएफसी ९४१३ कडे बोट दाखवलं. इंटरनेटचे तपशील लिहिणाऱ्यांनीच त्यात मांडलं आहे की उदारपणे चुकीचं स्वीकारत गेलं की चुका रुजतात आणि नंतर त्याच नियम होऊन बसतात. यावर आमचं दोघांचंही समाधान होईल असा मध्य निघाला: घेताना उदार असा, पण उदारपणा किती ते लिहून ठेवा आणि देताना एकच रूप द्या. त्यावरून देवनागरी आकड्यांचा प्रश्नही सुटला. पार्स कुठल्याही लिपीतले दशमान अंक घेईल आणि परत देताना इंग्रजी आकडेच देईल. मला याचा फार आनंद झाला. मराठीत आकडे भरणाऱ्या माणसानं काहीच चूक केलेली नसते.

सगळ्यात लांबलेला वाद ननचा. ‘इज व्हॅलिड’ला नन दिलं तर काय? माझं म्हणणं टाइपएरर. पायथनच्या दस्तऐवजातही तसंच आहे: प्रकारच चुकला तर टाइपएरर, प्रकार बरोबर पण किंमत चुकली तर व्हॅल्यूएरर. वेब फॉर्मवाले म्हणाले, रिकामी राहिलेली चौकट आमच्याकडे नन म्हणूनच येते, तिला फॉल्स म्हणा. मी एक्सेलचं उदाहरण दिलं. तक्ते हाताळणाऱ्या पँडाज या लायब्ररीत पूर्णांकांच्या रकान्यात एक जरी चौकट रिकामी असली तरी सगळा रकाना दशांश होतो. लालबागचा ४०००१२ हा पिनकोड ४०००१२.० होतो आणि रिकाम्या जागी ‘नॅन’ (‘आकडा नाही’ ही खूण) येतो. नॅन पायथनला ‘ट्रू’ वाटतो, म्हणून ‘काही नसेल तर सोडून दे’ अशी अट त्याला अडवतच नाही. अशा वेळी फॉल्स देणं म्हणजे सगळे पिनकोड चुकीचे आहेत असं सांगणं. खरी गोष्ट ही की फाइल वाचण्याची पद्धत चुकली आहे. ती प्रोग्रामरला ऐकू यायला हवी.

शेवटी ठरलं: नन दिलं तर फॉल्स, स्ट्रिंग सोडून बाकी काहीही दिलं तर टाइपएरर. ननबद्दल मला आजही टाइपएररच योग्य वाटते. पण पाचही फंक्शन तसंच वागणार आणि दस्तऐवजात ते पहिल्या परिच्छेदात असणार, हे मिळालं तेव्हा मी हट्ट सोडला.

१९ ऑगस्टला पावसानं मुंबई अडली, ऑफिसनं घरूनच काम करायला सांगितलं. त्या संध्याकाळी चाचण्या लिहायला बसले. हायपोथेसिस नावाची चाचणी-लायब्ररी वापरली. तिला आपण नियम सांगायचा आणि ती तो मोडणारी उदाहरणं स्वतः शोधते, मग सापडलेलं उदाहरण होता होईल तेवढं छोटं करून दाखवते. माझा नियम एकच: पार्स यशस्वी तर इज व्हॅलिड ट्रू, पार्सनं एक्सेप्शन टाकली तर फॉल्स, आणि ठरलेल्या एक्सेप्शनखेरीज दुसरं काही बाहेर पडता कामा नये. जीएसटीच्या फंक्शनवर तिनं थोड्या वेळात एक अक्षर समोर ठेवलं: वर्गाचा छोटा दोन, चौरस मीटर लिहिताना डोक्यावर लिहितो तो. ‘इजडिजिट’ त्याला अंक मानतं, ‘इंट’ मानत नाही. राज्याच्या संकेताच्या जागी तो आला की आत कच्ची व्हॅल्यूएरर फुटायची, जिच्यात जीएसटीचं नावही नाही. ‘इजडेसिमल’ वापरलं की प्रश्न मिटतो. हे उदाहरण मला वर्षभर बसूनही सुचलं नसतं.

मोबाइलवरून येणारी आणखी एक गोष्ट चाचणीत घातली. मराठी कीबोर्ड कधीकधी न दिसणारी जोडखूण मध्ये टाकतो, झीरो विड्थ जॉइनर. पायथनचं ‘स्ट्रिप’ कडेची साधी स्पेस काढतं, न तुटणारी स्पेसही काढतं, पण ही खूण ते काढत नाही. डोळ्यांना पॅन बरोबर दिसतो, लांबी मात्र अकरा. त्यासाठी ‘न दिसणारं अक्षर’ असा वेगळा कारण-संकेत ठेवला. नाहीतर समोरचा माणूस अक्षरं मोजत बसतो आणि त्याला दहाच दिसतात.

गणपतीच्या आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला, पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, पाठवली. त्यानंतर बराच काळ शांतता. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं: पहिल्यांदा येणाऱ्याच्या कोडवर आपोआप चालणाऱ्या चाचण्या मेंटेनरनी मंजुरी दिल्याशिवाय सुरूच होत नाहीत आणि मेंटेनर सुट्टीवर होते. दर दोन दिवसांनी ‘काही अपडेट?’ विचारू नका. मी सप्टेंबरच्या मध्याला एकदाच, विनयानं, आणि सोबत दस्तऐवजाचा मसुदा जोडून विचारलं. दुसऱ्या रात्री मंजुरी आली.

रिव्ह्यूत मुख्य सूचना दोन. एवढा मोठा बदल एका तुकड्यात नको, फंक्शनवार वेगळा करा, ते केलं. दुसरी, जुनी वागणूक एकदम काढायची नाही. मुख्य आवृत्तीचा आकडा बदलल्याशिवाय वापरणाऱ्याचं मोडेल असं काही करायचं नाही, हा सिमॅंटिक व्हर्जनिंगचा नियम ते पाळतात. म्हणून सध्याच्या मालिकेत फक्त इशारा, प्रत्यक्ष बदल पुढच्या मुख्य आवृत्तीत. मी डेप्रिकेशनवॉर्निंग (‘हे पुढं बंद होणार’ असा इशारा) घातली होती. त्यांनी दाखवून दिलं की पायथन ती एरवी लपवूनच ठेवतो, ३.७ पासून थेट चालवलेल्या मुख्य फाइलमध्ये तेवढी दिसते. ज्यांना कळायला हवं त्यांना कळणारच नाही. म्हणून फ्यूचरवॉर्निंग, जी सगळ्यांना दिसते, आणि ‘स्टॅकलेव्हल’ दोन, म्हणजे इशारा लायब्ररीच्या ओळीकडे नाही तर वापरणाऱ्याच्या ओळीकडे बोट दाखवतो. अशा सूचना फुकट मिळतात, हा या सगळ्याचा मोठा लाभ.

ननवर घर बांधलेल्या गृहस्थांसाठी बदलाचं टिपण मी स्वतः लिहिलं: जुनी ओळ, नवी ओळ, शेजारी शेजारी. त्यांनी ते आपल्या कोडवर चालवून बघितलं आणि आणखी एक सुटलेली जागा सांगितली.

ऑक्टोबर दिवाळीत आणि किरकोळ दुरुस्त्यांत गेला. त्याच महिन्यात पायथन ३.९ चा आधार अधिकृतपणे संपला, तेव्हा चाचण्यांच्या यादीतून तो काढला. त्यामुळे थोडं कोड आपोआप सुटसुटीत झालं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा तुकडा मुख्य शाखेत गेला. डिसेंबरात इशाऱ्यांसकट आवृत्ती प्रसिद्ध झाली.

पतपेढीची सभा सप्टेंबरात वेळेवर झाली. आमचं तात्पुरतं वेष्टण तेव्हा कामी आलं. आता त्यातला बराच भाग काढून टाकला आहे. ताईंकडच्या नाकारलेल्या यादीत हल्ली कारणं येतात, ‘आयएफएससीत पाचवं अक्षर शून्य हवं, इंग्रजी ओ आहे’ अशी. त्या फोन करून सभासदाला पासबुक घेऊन बोलावतात. एक मर्यादा त्यांना आणि मलाही सारखी आठवावी लागते: ही तपासणी फक्त ढाच्याची आहे. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. तिथल्या जुन्या पासबुकावरचा कोड ढाच्यानं निर्दोष दिसतो, पैसे मात्र त्यावर जाणार नाहीत. हे लायब्ररीच्या दस्तऐवजातही आता लिहिलेलं आहे.

जन्मतारखेचं फंक्शन अजून तसंच आहे. ते या बदलातून मुद्दाम बाहेर ठेवलं, कारण तिथं अंदाज बांधणंच थांबवावं की दिवस-आधी की महिना-आधी हे वापरणाऱ्यानं सांगणं सक्तीचं करावं, यावर एकमत झालेलं नाही. माझं मत सक्तीच्या बाजूनं आहे. तोवर पतपेढीच्या फॉर्मवर दिवस, महिना, वर्ष अशा तीन वेगळ्या चौकटी केल्या आहेत आणि दिवस माहीत नसेल तर ती चौकट रिकामी ठेवायची, असं मुलांना सांगितलं आहे. तुमच्याकडे जुन्या कागदांवरच्या अशा अर्धवट तारखांचे नमुने असतील, तर नावं-पत्ते काढून फक्त तारीख जशी लिहिली आहे तशी मला कळवा. पुढच्या इश्यूचा तक्ता त्यावरूनच भरते आहे.